एकाच तोंडातल्या दोन हवा

परवा लेकीचं बोट तव्याला लागलं. पोळी फुगताना बघायला ती ओट्याशी येऊन उभी होती आणि उलटायची मात्र तिलाच होती. मी बोट नळाखाली धरलं, मग तोंडाजवळ घेऊन बराच वेळ फुंकर घालत राहिले. त्याच संध्याकाळी गच्चीवर वारा सुटला आणि तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं. माझी आजी अशा वेळी पदराचा बोळा करायची, त्यावर तोंड उघडून ‘हाः’ करत वाफ द्यायची आणि तो ऊबदार बोळा डोळ्यावर दाबायची. मी ओढणीचा बोळा केला, बाकी सगळं आजीसारखंच. दोन-तीनदा शेकल्यावर डोळा उघडला आणि उघडल्या उघडल्या प्रश्न आला, “आई, तुझ्या तोंडात दोन हवा आहेत का? एक गार, एक गरम?”

माझ्या हातातला बोळा तसाच राहिला. हा प्रश्न मला माहीत होता. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, आज तुर्कस्तानात असलेल्या मिलेटस नावाच्या बंदरात, अ‍ॅनॅक्सिमिनीझ नावाच्या माणसाला तो पडला होता. ओठ आवळून फुंकलं की हवा गार लागते, तोंड सैल सोडून श्वास टाकला की गरम लागते. हवा तीच, तोंड तेच. मग फरक कशाचा? त्याचं उत्तर असं की आवळली, दाटली की हवा गार होते. मोकळी, विरळ झाली की गरम होते. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने कितीतरी शतकांनंतर हे नोंदवून ठेवलं आहे आणि नोंदवताना सांगितलं आहे की ‘सैल’ हा शब्द खुद्द त्याचाच. या माणसाचं पुस्तक गेलं. त्याच्या स्वतःच्या तोंडचे म्हणून जे मोजके शब्द खात्रीने सांगता येतात, त्यांतला हा एक: सैल.

कॉलेजात तत्त्वज्ञान हा माझा विषय होता. ग्रीक तत्त्वज्ञानाचा पहिला धडा आम्हांला एका तक्त्यात मिळाला होता. थेलीझ: पाणी. अ‍ॅनॅक्सिमँडर: अमर्याद. अ‍ॅनॅक्सिमिनीझ: हवा. हेराक्लायटस: अग्नी. विश्वाचं मूलतत्त्व कोणी काय मानलं, जोड्या जुळवा. मी जुळवल्या, गुण मिळाले आणि मनात एक समजूत पक्की बसली की हे सगळे भोळे लोक असणार. खरं तत्त्वज्ञान पुढे सॉक्रेटिसापासून सुरू होतं. ती समजूत किती वर्षं सांभाळली, याचं आज वाईट वाटतं. त्या तक्त्यात उत्तरं होती. ग्रीक तत्त्वज्ञानाचा पाया मात्र त्या उत्तरांच्या मधल्या जागांत होता, आणि तिथे तक्त्यात नुसत्या रेघा मारलेल्या होत्या.

आधी गाव डोळ्यांसमोर आणायला हवं. मिलेटस हे आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आयोनियन ग्रीकांचं शहर. चार बंदरं होती त्याला. तिथून निघालेल्या लोकांनी काळ्या समुद्राच्या काठाकाठाने कितीतरी वसाहती वसवल्या. इजिप्तमध्ये नॉक्रॅटिसला ग्रीक व्यापाऱ्यांची पेठ होती, तिथेही मिलेटसचे लोक होते. बॅबिलोनचं आकाशनिरीक्षण आणि इजिप्तची जमीनमोजणी या गोष्टी तिथे गलबतांबरोबर येऊन पोहोचत. वेगवेगळ्या देवांच्या, वेगवेगळ्या सृष्टिकथा एकाच धक्क्यावर उतरत असतील, तर ऐकणाऱ्याच्या मनात ‘यांतली खरी कुठली’ असा प्रश्न उठणं साहजिक आहे. तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. बंदरं काय, पुष्कळ होती.

मला तिथली नदी महत्त्वाची वाटते. मिअँडर हे तिचं जुनं नाव. इतकी वळणं घेत वाहायची की इंग्रजीत वळणांनाच तिचं नाव पडलं. ही नदी इतका गाळ आणते की तिने समुद्रच मागे ढकलला. एके काळी लाटा ज्या धक्क्यांवर आपटायच्या, ते मिलेटसचे अवशेष आज समुद्रापासून कितीतरी किलोमीटर आत, सपाट शेतांमध्ये उभे आहेत. शहरासमोर लादे नावाचं बेट होतं. आता ती मैदानातली टेकडी आहे. अशा नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाने ‘सगळं पाण्यातून आलं’ असं म्हटलं, तर तो हवेतल्या गप्पा मारत नव्हता. पाण्याची जमीन होताना त्याच्या गावाने पाहिली होती. थेलीझने याच कारणाने तसं म्हटलं, असा दावा मी करत नाही. त्याने लिहिलेलं काही उरलेलं नाही. पण नकाशावर ती नदी पाहिल्यापासून मला तक्त्यातलं ‘पाणी’ वेगळं दिसतं.

थेलीझच्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे इ. स. पू. 585चं ग्रहण, तारे बघता बघता विहिरीत पडणं, ऑलिव्हचे घाणे आगाऊ भाड्याने घेऊन पैसा करणं, या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. मला थांबायचं आहे ते पृथ्वीपाशी. थेलीझ म्हणत असे की पृथ्वी पाण्यावर तरंगते, ओंडका तरंगतो तशी. यावर अ‍ॅरिस्टॉटलने पुढे एक साधी हरकत घेतली: मग ते पाणी कशावर टेकलं आहे? लहानपणी आजी सांगायची की पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे, तेव्हा मीही विचारलं होतं, शेष कशावर? आजीने “झोप आता” म्हणून दिवा मालवला होता. ही हरकत कुठल्याही मुलाला सुचते. तिचं पुढे काय होतं, ते घरावर अवलंबून असतं.

मिलेटसच्या त्या घरात जे झालं ते मला आजही थक्क करतं. अ‍ॅनॅक्सिमँडर हा थेलीझचाच गाववाला, जुन्या लेखकांच्या शब्दांत त्याचा शिष्य आणि वारसदार. त्याने पृथ्वीखालचं पाणी काढून घेतलं, आणि त्या जागी दुसरं काहीही ठेवलं नाही. पृथ्वी कशावरही टेकलेली नाही, असं तो म्हणाला. ती आहे तिथेच राहते, कारण ती सगळ्या बाजूंपासून सारख्याच अंतरावर आहे. वर जावं की खाली, डावीकडे की उजवीकडे, यांतल्या कुठल्याच दिशेला सरकायला तिच्याकडे कारण नाही. पृथ्वीचा आकार त्याने खांबाच्या तुकड्यासारखा, ढोलासारखा मानला, रुंदी उंचीच्या तिप्पट. आकार चुकला, जागाही चुकली. पण आधार म्हणून कासव, खांब, पाणी, काहीही न देता नुसतं एक कारण देणं, पृथ्वीसारखी जड वस्तू एका युक्तिवादावर तोलून धरणं! डोळ्यांना दिसतं त्याच्या पूर्ण विरुद्ध जाऊन, केवळ विचार तिकडे नेतो म्हणून तिकडे जायचं. पायाचा पहिला दगड मला इथे दिसतो.

आणि त्याने गुरूचं पाणीही सोडलं. सगळ्याचं मूळ पाणी असेल तर आग आली कुठून, पाण्याने तिला जन्मूच दिलं नसतं, असा काहीसा त्याचा विचार असावा. म्हणून मूळ जे आहे ते पाणी नाही आणि दुसरं ओळखीचं काहीही नाही. ते अमर्याद आहे, ग्रीकमध्ये ‘अपैरॉन’. त्याच्या लेखनातला एक तुकडा उरला आहे. ज्यातून वस्तू उपजतात त्यातच त्या लयाला जातात, जसं व्हायला हवं तसं. कारण आपापल्या अन्यायाबद्दल त्या एकमेकींना दंड आणि भरपाई देतात, काळाने ठरवून दिल्याप्रमाणे. उन्हाळा पावसाळ्याचं देणं फेडतो, ओलं कोरड्याचं. निसर्गाबद्दल बोलायला शब्द नव्हते, म्हणून न्यायसभेतले शब्द उचलून आणलेले. सिंप्लिशियस हा फार पुढच्या काळातला भाष्यकार, ज्याच्यामुळे हे वाक्य आपल्याला मिळालं, तो खाली एक शेरा मारतो की हे त्याने जरा काव्यमय शब्दांत सांगितलं आहे. त्या शेऱ्यामुळेच अभ्यासकांना भरवसा वाटतो की शब्द अ‍ॅनॅक्सिमँडरचेच आहेत.

मग येतो आपला फुंकरवाला. अ‍ॅनॅक्सिमिनीझ हा अ‍ॅनॅक्सिमँडरचा सोबती. तक्ता पाहिला तर वाटतं की हा मागे गेला. गुरू अमर्यादापर्यंत पोहोचला आणि शिष्य पुन्हा हवेवर उतरला! आमच्या वर्गात असंच शिकवलं गेलं. मला आता उलट वाटतं. मूळ एक आहे असं थेलीझ म्हणाला, अ‍ॅनॅक्सिमँडरही म्हणाला, पण त्या एकाचे हे अनेक कसे झाले, याचं हाती धरता येईल असं उत्तर या तिसऱ्याने दिलं. हवा विरळ झाली की आग. दाटत गेली की वारा, मग ढग, मग पाणी, मग माती, मग दगड. फरक फक्त दाटपणाचा. जगातले सगळे गुण, गरम-गार, मऊ-कठीण, एका कमी-जास्तावर आणून ठेवायचे, ही कल्पना किती मोठी आहे! आणि पुरावा म्हणून काय दिलं, तर फुंकर. ऐकणाऱ्याने हात वर करायचा, तळव्यावर एकदा ओठ आवळून फुंकायचं, एकदा तोंड उघडून. देवाची साक्ष नको, पूर्वजांची नको, ग्रीक असण्याचीही गरज नाही.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहून जाईल म्हणून सांगते. ही सगळी माणसं आयोनियन. इराणी लोक त्यांच्यावरून सगळ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हणत आणि आपल्याकडे तोच शब्द ‘यवन’, ‘योन’ होऊन आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर जे दानलेख आहेत, त्यांत धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. त्या दात्यांचा मिलेटसशी संबंध जोडण्याचा माझा विचार नाही. मधे शतकं गेली होती आणि ते बुद्धाला खांब अर्पण करत होते. पण शब्द त्या किनाऱ्यावरून निघालेला आहे. हे कळल्यानंतर कार्ल्याला गेले तेव्हा त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभी राहिले.

इ. स. पू. 494मध्ये इराणच्या फौजांनी मिलेटस पाडलं. आयोनियन शहरांनी बंड केलं होतं, लादे बेटापाशी त्यांचं आरमार हरलं, शहर लुटलं गेलं. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की फ्रिनिकस या नाटककाराने या पाडावावर अथेन्समध्ये नाटक केलं तेव्हा सगळं प्रेक्षागृह रडलं, आणि आपल्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून नाटककाराला 1000 द्राख्मा दंड झाला. ते नाटकही गेलं.

त्याच्या आधीपासूनच त्या किनाऱ्यावरची माणसं उठून चालली होती. पायथागोरस सेमॉसहून दक्षिण इटलीत क्रोटोनला गेला. इराण्यांपुढे मान तुकवण्यापेक्षा फोसीयाच्या लोकांनी गाव सोडलं आणि पुढे इटलीत एलिया वसवलं. तत्त्वज्ञ पार्मेनिडीझ त्या गावचा. कॉलोफोनचा कवी आणि तत्त्वज्ञ झेनोफेनीझ आपल्या कवितेत हिशेब देतो: पंचविसाव्या वर्षापासून आजवर 67 वर्षं मी ग्रीकांच्या भूमीत आपली चिंता घेऊन हिंडतो आहे. म्हणजे हे लिहिताना तो 92चा. ग्रीक तत्त्वज्ञानाचा पाया म्हटलं की संगमरवरी अथेन्स डोळ्यांपुढे येतं. पण पायाचे दगड वाहून नेले ते घर सुटलेल्या माणसांनी. आणि हिंडलेल्या माणसालाच दिसावं असं झेनोफेनीझला दिसलं: इथियोपियन लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे घाऱ्या डोळ्यांचे आणि तांबूस केसांचे. बैलांना हात असते आणि चित्र काढता आलं असतं, तर त्यांनी देव बैलासारखे काढले असते. त्याने देव टाकून दिला नाही. माणसासारखा नसलेला, एकच मोठा देव त्याने मानला. पण त्याच्या ज्या ओळींसाठी मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते त्या वेगळ्या आहेत. देवांनी माणसांना सुरुवातीलाच सगळं उघड करून दाखवलं नाही, माणसं शोधत राहतात आणि काळ जाता जाता अधिक चांगलं त्यांना सापडतं.

आता हे सगळं मला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून कसं माहीत, याकडे यायला हवं. यांतलं एकही पुस्तक अखंड उरलेलं नाही. उरलं आहे ते इतरांनी उद्धृत केलेलं, आणि उद्धृत करणारे बहुधा मत खोडायला निघालेले. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पूर्वपक्ष. खोडायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडावं लागतं. चार्वाकांचं आपल्याला जे कळतं, ते मुख्यतः त्यांना खोडणाऱ्यांच्या ग्रंथांतून. थेलीझ आणि मंडळी अशीच आपल्यापर्यंत आली.

अ‍ॅरिस्टॉटल आपल्या ‘मेटाफिजिक्स’च्या आरंभी आधीच्या सगळ्यांना ओळीने उभं करतो आणि प्रत्येकाचं कुठे चुकलं ते दाखवतो. त्याने त्यांना आपल्या साच्यात बसवलं, हेही खरं. म्हणून थेलीझकडे बघताना डोळ्यांवर अ‍ॅरिस्टॉटलचा चष्मा असतोच. तरी त्याच्याच दोन वाक्यांसाठी मी त्याला सगळं माफ करते. एका ठिकाणी तो म्हणतो की सुरुवातीचं तत्त्वज्ञान बोबडं बोलल्यासारखं वाटतं, कारण ते अजून लहान होतं. दुसरीकडे म्हणतो की ज्यांची मतं आपल्याला पटतात त्यांचेच नव्हे, ज्यांनी वरवरचं काही सांगितलं त्यांचेही आपण ऋणी असलं पाहिजे. विचार करण्याची सवय आपल्याला लागली ती त्यांच्यामुळे.

आणि मग सिंप्लिशियस. त्याचं नाव आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. तो सहाव्या शतकातला, किलिकियाचा, अथेन्सच्या शेवटच्या जुन्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांपैकी. इ. स. 529मध्ये सम्राट जस्टिनियनच्या हुकुमाने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिकवणं बंद झालं. सिंप्लिशियस आणि त्याचा गुरू दमास्कियस यांच्यासह सात जण इराणचा बादशहा खुसरो याच्या दरबारात गेले. तिथे तत्त्वज्ञ राजा मिळेल अशी त्यांना आशा होती. ती फळली नाही, त्यांना परतायचं होतं. इतिहासकार अगाथियस सांगतो की इ. स. 532च्या तहात खुसरोने त्यांच्यासाठी एक कलम घालून घेतलं: या माणसांना आपल्या देशात परत जाऊ द्यावं आणि मत बदलायची सक्ती न होता जगू द्यावं. ज्या इराणच्या फौजांनी मिलेटस पाडलं होतं, त्याच देशाच्या एका बादशहाने हजार वर्षांनी मिलेटसच्या वारसांसाठी तहात एक ओळ मागून घेतली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

परतल्यावर सिंप्लिशियस लिहीत बसला. शिकवायला विद्यार्थी होते की नव्हते कोण जाणे, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथांवर त्याने प्रचंड भाष्यं लिहिली. त्यांत पार्मेनिडीझचा विषय आला तेव्हा एक-दोन ओळी देऊन भागलं असतं. त्याने पन्नासाहून अधिक ओळी सलग उतरवल्या आणि कारणही दिलं: माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून, आणि पार्मेनिडीझचं पुस्तक आता दुर्मीळ झालं आहे म्हणून. त्याच्या समोर बहुधा ती प्रत होती. पार्मेनिडीझला जाऊन तेव्हा जवळजवळ हजार वर्षं झाली होती. पुढे ते पुस्तक नाहीसं झालं. सिंप्लिशियसचं भाष्य राहिलं आणि त्याच्या पोटात त्या ओळी राहिल्या. अ‍ॅनॅक्सिमँडरचं ते दंड-भरपाईचं वाक्यही त्याच भाष्यात आहे. त्या उताऱ्यापाशी आले की मला तो लिहिणारा हात दिसतो. हे आता आपण लिहिलं नाही तर जाईल, हे त्या हाताला कळलेलं होतं.

लेकीला यातलं मी थोडंच सांगितलं. फुंकरवाल्याचं मात्र सगळं सांगितलं. त्याचं उत्तर बरोबर आहे का, ते बघायला आम्ही तिच्या सायकलचा पंप काढला. नळीचं तोंड दाबून धरून दहा-पंधरा वेळा जोरात दट्ट्या मारला आणि पंपाच्या खालच्या टोकाला तिने हात लावला. चांगलंच गरम. हवा दाबली की गरम होते, गार नाही.

“म्हणजे त्याचं चुकलं?”

चुकलं. आणि ते चुकलं हे प्लुटार्कने तिथल्या तिथेच लिहून ठेवलं आहे, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने: तोंड उघडून श्वास टाकतो तेव्हा आपल्या आतली गरम हवा बाहेर येते, ओठ आवळून फुंकतो तेव्हा तोंडासमोरची, बाहेरची गार हवा पुढे ढकलली जाते. आजचं विज्ञानही साधारण असंच सांगेल. फुंकरीची बारीक धार आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढत नेते. मी तिला हे समजावलं आणि विषय संपला असं धरून पंप जिन्याखाली ठेवून आले.

परत आले तेव्हा ती आपल्या तळव्यावर आलटून पालटून फुंकत बसली होती.

“पण आई, बाहेरचीच हवा आपल्यापेक्षा गरम असेल तर?”

“म्हणजे?”

“अकोल्याला. मे महिन्यात. तिथे पंखासुद्धा गरम वारा देतो. मग तिथे फुंकर गरम लागायला पाहिजे आणि ‘हाः’ गार.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घामाचं, वाफेचं, अंग किती कोरडं आहे याचं काय काय मनात आलं, पण मला नक्की सांगता येईना. तिने वाटही पाहिली नाही. खुर्ची ओढून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, मे महिना काढला आणि आजोळी जायच्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने लिहिलं: फुंकर.